पंच्याहत्तर मिलिमीटरचा फॅरो

गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाची, नाव कोरलेली आणि बऱ्यापैकी अखंड अशी एकच मूर्ती आज आपल्या हाती आहे. ती हस्तिदंताची असून तिची उंची जेमतेम साडेसात सेंटिमीटर आहे. 1903 साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीच्या मजुरांना ती अबायडोसला सापडली, तेव्हा तिला डोकं नव्हतं. तुटलेली कड ताजी होती, म्हणजे कुदळीच्या घावानेच ते उडालं असणार. पेट्रीने पुढचं खोदकाम थांबवलं आणि बाहेर टाकलेल्या मातीचा ढीग चाळायला लावला. तीन आठवड्यांनी डोकं मिळालं. ज्याच्या थडग्यासाठी वीस-तेवीस लाख दगड रचले गेले, त्याचा चेहरा अंगठ्याच्या नखापेक्षा फारसा मोठा नाही.

गंमत म्हणजे आज जगभर ऐतिहासिक लघुमूर्ती रंगवणाऱ्या हौशी मंडळींच्या दुनियेत 75 मिलिमीटर हे एक ठरलेलं माप आहे. खुफू बसलेला आहे आणि बाजारात मिळणारे फॅरो बहुधा उभे असतात, एवढाच फरक. या मापाचा एक फॅरो घरच्या टेबलावर, दिव्याखाली, हातात ब्रश घेऊन रंगवायचा म्हटलं तर काय काय विचार करावा लागतो, ते या प्रकरणात पाहू. ब्रश हातात धरायला शिकणं तसं सोपं आहे. हा रंग इथे का, याचं उत्तर देणं अवघड, आणि सगळी मजाही त्यातच आहे.

रंगवलेल्या छोट्या माणसांचा नाद इजिप्तला फार जुना. असियूतचा प्रांताधिकारी मेसेहती याच्या थडग्यात लाकडी सैनिकांच्या दोन तुकड्या सापडल्या. त्या आज कैरोत आहेत. एकीत 40 इजिप्शियन भालाईत आहेत, दुसरीत 40 न्युबियन तिरंदाज. वय सुमारे चार हजार वर्षं. भालाईतांचं अंग तांबूस तपकिरी, कमरेला पांढरी वस्त्रं. तिरंदाजांचं अंग जवळजवळ काळं, आणि कमरेच्या वस्त्रांवर रंगीत नक्षी. जवळून पाहिलं तर सगळ्यांची उंची सारखी नाही, आणि भालाईतांच्या ढालींवरचे गाईच्या कातड्याचे ठिपके प्रत्येक ढालीवर वेगळे आहेत. चाळीस ढालींना एकच ठिपका मारून काम लवकर संपवता आलं असतं. त्या कारागिराने तसं केलं नाही. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं ज्यांनी लहानपणी हाताळली आहेत, त्यांना या लाकडी पलटणीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

आधुनिक छंदाची वंशावळ मात्र युरोपातल्या खेळण्यांच्या दुकानातून सुरू होते. 1893 साली विल्यम ब्रिटनच्या इंग्लिश कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायची पद्धत काढली. त्या सैनिकांची 54 मिलिमीटर उंची पुढे प्रमाण मानली गेली. आता शिसं मागे पडलं. कथिलाच्या मिश्रधातूतले, ज्यांना या छंदात ‘व्हाइट मेटल’ म्हणतात ते, आणि रेझीनचे पुतळे मिळतात. 54 मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसाचा साधारण बत्तिसावा भाग, 75 म्हणजे चोविसावा. आपण 75 घेऊ, कारण चोविसाव्या भागात चेहरा रंगवता येतो. त्याहून लहान मापात तो बराचसा सुचवावा लागतो.

आणि राजा कोण घ्यायचा? तुतनखामेन सगळेच रंगवतात, त्यात त्याचा सोन्याचा मुखवटा इतका ओळखीचा की आपण राजा रंगवतोय की मुखवटा, हेच कळेनासं होतं. मी दुसरा रामसेस सुचवेन. त्याने इ.स.पू. 1279 ते 1213 असं 66 वर्षं राज्य केलं. कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 1274 च्या सुमारास, आजच्या सीरियात ओरोन्टिस नदीकाठी कादेशला त्याची हित्ती राजा मुवातल्ली याच्याशी गाठ पडली. हित्ती रथांनी त्याच्या छावणीवर अचानक झडप घातली आणि तो थोडक्यात वाचला. लढाई कोणीच धड जिंकली नाही. घरी परतल्यावर रामसेसने मात्र अबू सिंबेल, लक्सॉर, कर्नाक, अबायडोस आणि स्वतःच्या रामेसियम मंदिरात आपला पराक्रम भिंतीभर कोरून घेतला. आपण एकट्याने शत्रूला पळवलं, असा त्याचा दावा. प्रसिद्धीची त्याची हौस आपल्या पथ्यावरच पडते, कारण इतक्या वेगवेगळ्या पोजमध्ये चितारलेला दुसरा फॅरो सापडणं कठीण.

तर आपला पुतळा असा: तिशीच्या आसपासचा रामसेस, पायी उभा, डोक्यावर निळा मुकुट, अंगात चुण्यांचं पांढरं वस्त्र, गळ्यात रुंद हार, पायात चपला, हातात कोयत्यासारखी वाकडी खोपेश तलवार.

रंग ठरवण्यासाठी तीन साक्षीदार आहेत, आणि तिघांचीही साक्ष अर्धवट आहे.

पहिली साक्ष भिंतींची. न्युबियातल्या बैत अल वली इथे रामसेसचं एक छोटं मंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट हे याच्या मोहिमेने तिथल्या कोरीव भिंतींचे प्लास्टरचे साचे घेतले आणि जोसेफ बोनोमीने मूळ रंगांच्या नोंदींवरून ते रंगवले. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मूळ भिंतींवरचा बहुतेक रंग आता गेला आहे. या साच्यांवर रामसेस रथातून न्युबियनांवर तुटून पडलेला दिसतो. अंग गेरूच्या रंगाचं, मुकुट निळा. पण भिंतीवरचं चित्र सपाट असतं, एका बाजूचं असतं, आणि त्यातल्या रंगांना त्यांचे स्वतःचे नियम असतात.

दुसरी साक्ष दगडाची. इटलीत तुरिनच्या इजिप्शियन संग्रहालयात रामसेसची काळ्या दगडातली बसलेली मूर्ती आहे, उंची 1.94 मीटर. 1824 साली इजिप्तविद्येचा फ्रेंच अभ्यासक शाम्पोलियन तिथे गेला आणि तिच्या प्रेमात पडला. डोक्यावर तोच निळा म्हणवला जाणारा मुकुट, अंगात चुण्यांचं वस्त्र, पायात चपला. आपल्या पुतळ्यावर जे जे हवं ते सगळं इथे चहूबाजूंनी पाहायला मिळतं: चुण्या दंडावरून कशा फिरतात, मुकुटाच्या कडा कुठे वळतात. फक्त रंग नाही.

तिसरी साक्ष वस्तूंची. रामसेसचं स्वतःचं थडगं पुरात आणि चोरांच्या हाती उद्ध्वस्त झालं. त्यामुळे त्याच्या आधी पन्नासेक वर्षं होऊन गेलेल्या तुतनखामेनकडून उसनं घ्यावं लागतं. त्याच्या थडग्यात पाच हजारांवर वस्तू मिळाल्या: चपला, धनुष्यं, खोपेश, सहा रथ, कपडे. सोन्याचा, लाल अकीकाचा, निळ्या काचेचा खरा रंग तिथेच समजतो.

म्हणजे आकार तुरिनचा, रंगसंगती भिंतीची आणि वस्तूंचा पोत तुतनखामेनचा. हे तिघे कुठे जुळत नाहीत ते ओळखणं आणि तिथे स्वतः निवाडा देणं, हे रंगवणाऱ्याचं खरं काम. पुस्तकाच्या किंवा खोक्याच्या चित्राची नक्कल करणारा हे काम दुसऱ्यावर सोपवतो.

तयारीबद्दल थोडक्यात. साच्याच्या जोडाची बारीक रेघ पुतळ्यावर असते, ती आधी खरवडून आणि घासून काढायची. रेझीनची धूळ फुप्फुसाला वाईट. ओल्या पॉलिश पेपरने घासा आणि मास्क लावा. मग साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून राखाडी प्रायमरचा हलका फवारा. ब्रश लहान लागतो हा गैरसमज आहे. टोक चांगलं लागतं. विन्सर अँड न्यूटनची नावाजलेली ‘सिरीज 7’ 1866 साली व्हिक्टोरिया राणीसाठी बनली आणि तिला आवडायचा तो 7 नंबरचा, चांगला जाडजूड ब्रश. आपल्याला 1 आणि 0 नंबर पुरतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश कोणी देऊ केले तर घेऊ नका. भारतात त्यांचा व्यापार बेकायदा आहे. चांगला सिंथेटिक घ्या. आणि टोक जुळवण्यासाठी ब्रश तोंडात घालायची जुनी खोड असेल तर ती सोडा, कॅडमियमचे रंग पोटात जायला नकोत.

ॲक्रिलिक रंग मिनिटांत वाळतो. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली तर पॅलेटवरच त्याची साल होते. त्यावर उपाय स्वयंपाकघरातला: झाकणाच्या बसक्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि रंग त्या कागदावर. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही तोच रंग वापरता येतो. ऑइल रंग तासन्‌तास ओला राहतो म्हणून कातडीच्या छटा एकमेकांत मिसळायला सोपा. मी स्वतः कापड आणि धातू ॲक्रिलिकने रंगवतो, चेहरा ऑइलने. पोस्टर कलर मात्र नको. वरचा हात लावताना खालचा थर पाण्याने सुटून येतो.

आता पहिला मोठा प्रश्न: रामसेसची कातडी.

इजिप्शियन चित्रकाराला हा प्रश्नच नव्हता. पुरुष गेरूचा, बाई पिवडीची. मैदूमला सापडलेली राहोतेप आणि नोफ्रेत या जोडप्याची मूर्ती साडेचार हजार वर्षांची आहे. नवरा तांबूस, बायको फिकट पिवळसर. नवरा उन्हात, बायको सावलीत, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. पण शेतात राबणाऱ्या बायकांनाही अनेकदा तोच फिका रंग मिळतो, तेव्हा तो निरीक्षणापेक्षा रिवाज जास्त. देवांचा तर प्रश्नच वेगळा. ओसायरिस हिरवा किंवा काळा, अमुन अनेकदा निळा. देवाचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची आणि केस लाजवर्दाचे, अशी समजूत होती. तेव्हा भिंतीवरचा गेरू डबीतून तसाच उचलून पुतळ्याला फासला तर आपण एक चिन्ह रंगवलेलं असतं, माणूस नव्हे.

मग माणसाकडेच जावं. रामसेसची ममी आहे. ती 1881 साली दैर अल बहरीच्या गुप्त भुयारात इतर राजांबरोबर सापडली, 1886 साली गॅस्टन मास्पेरोने ती उलगडली. पुढे बुरशी लागली म्हणून 1976 साली उपचारासाठी पॅरिसला नेली. आज ती कैरोत इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची साधारण 1.7 मीटर, मरताना वय नव्वदीच्या घरात, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. पॅरिसच्या तपासणीत असा निष्कर्ष निघाला की त्याचे मूळ केस तांबूस होते. पण कातडीच्या रंगाबद्दल ममी गप्प आहे. राळ आणि मसाल्यांनी तीन हजार वर्षांत तिचा रंग पार बदलून टाकला आहे. आपला रामसेस साठ वर्षांनी तरुण आहे, त्यामुळे ममीकडून नाक घ्यायचं आणि हनुवटीचा बांधा घ्यायचा. सुरकुत्या नकोत.

उपयोगी पुरावा त्याच्या बापाच्या थडग्यात आहे. 1817 साली बेल्झोनीने शोधलेल्या पहिल्या सेतीच्या थडग्यात चार प्रकारच्या माणसांची रांग चितारली आहे: इजिप्शियन तांबूस तपकिरी, न्युबियन काळे, सीरियाकडचे पिवळसर, लिबियन गोरटेले आणि अंगावर गोंदलेले. इथेही रिवाज आहेच. तरी शेजाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे बसतो, याचा इजिप्शियनांनी स्वतः दिलेला हिशेब यात आहे. न्युबियनापेक्षा उजळ, सीरियनापेक्षा सावळा आणि छटा लालसर. त्यात नाईलकाठचं ऊन आणि रथावर काढलेलं आयुष्य मिळवा. माझा निवाडा: मध्यम, उबदार तपकिरी, खाली गेरूचा अंश शिल्लक. गेल्या शतकातल्या कित्येक खोक्यांवरचा फॅरो मात्र सुट्टीत समुद्रावर भाजून आलेल्या गोऱ्या माणसासारखा दिसतो. 1956 च्या ‘द टेन कमांडमेंट्स’मध्ये युल ब्रिनरने रामसेस केला, तोच डोळ्यांपुढे ठेवून ही खोकी रंगवली असावीत, असा मला दाट संशय आहे.

प्रत्यक्षात असं करतो: बर्न्ट सिएन्नात थोडा यलो ऑकर आणि चिमूटभर पांढरा, हा मधला रंग. सावलीसाठी त्यात बर्न्ट अंबर आणि अगदी नावाला निळा. उजेडासाठी पांढरा वाढवायचा नाही; पांढऱ्याने सावळी कातडी राख फासल्यासारखी होते. पिवळा ऑकर आणि थोडा फिका गुलाबी वाढवायचा. नाकाचा शेंडा, गालाचं हाड, खालचा ओठ, खांद्याचा माथा इथे उजेड. भुवयांखाली, नाकपुडीच्या बाजूला, हनुवटीखाली, मुकुटाच्या पट्टीलगत सावली.

हा उजेड आणि ही सावली रंगवायचीच कशाला, असं कोणी विचारेल. पुतळा तर घन आहे, दिव्याची सावली त्याच्यावर आपोआप पडेल. पडते, पण पुचाट पडते. सूर्य आकाशात एक ठिपका असतो म्हणून उन्हातल्या माणसावर धारदार सावल्या पडतात. साडेसात सेंटिमीटरच्या माणसासाठी चार फुटी ट्यूबलाइट म्हणजे सगळं आभाळच. उजेड चारी बाजूंनी शिरतो आणि सावल्या पुसून टाकतो. शिवाय एक सेंटिमीटर खोल चुणी इथे अर्ध्या मिलिमीटरचीही उरत नाही. म्हणून लहान पुतळ्यावर ऊन हाताने रंगवावं लागतं. इजिप्शियन चित्रकार उलटं करायचा. भिंतीवर उथळ कोरीव काम, सपाट रंग, सावली बहुधा नाहीच. त्याच्या लेखी राजा दुपारच्या चारच्या उन्हात उभा नव्हता. तो कायमचा होता.

आता निळा मुकुट. इजिप्शियन त्याला खेप्रेश म्हणत. पुष्कळ पुस्तकांत त्याला युद्धमुकुट म्हटलेलं असतं. पण राजे तो पूजेत आणि समारंभातही घालताना दिसतात, त्यामुळे ते नाव थोडं फसवं आहे. फुगीर, मागे उंचावलेला, दोन्ही बाजूंना धारदार कडा, सगळ्या पृष्ठभागावर छोटी छोटी वर्तुळं, कपाळावर सोन्याची नागीण आणि तिची शेपटी वर वळत गेलेली. असा एकही मुकुट आजवर सापडलेला नाही. तुतनखामेनच्या जवळजवळ शाबूत थडग्यातही नाही. तिथे सोन्याचा शिरोबंध मिळाला, मुकुट कुठलाच नाही. तेव्हा तो कातड्याचा होता, कापडाचा होता की आणखी कशाचा, हे अनुमानच. पुतळा रंगवणाऱ्याला या अनुमानाचा निकाल लावावाच लागतो, कारण कातडं रंगवलं तर कडेवर मंद चकाकी हवी, कापड रंगवलं तर नको. मी कातड्याच्या बाजूचा आहे: कडा इतक्या ताठ उभ्या राहायच्या तर ताणून बसवलेलं कातडंच हवं. वर्तुळं धातूच्या टिकल्या मानून त्यांना बारीक ठिपक्याने सोनेरी करणारे पुष्कळ आहेत. तेही चालेल. माझ्या मते शेकडो सोनेरी टिकल्यांनी चेहऱ्यावरचं लक्ष उडतं, म्हणून मी निळ्याचीच उजळ छटा देतो.

निळा कोणता, हा प्रश्न त्याहून मोलाचा. वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि थोडा क्षार एकत्र करून 850 ते 1000 अंश सेल्सिअसला भाजलं की जो निळा गोळा तयार होतो, तो दळून इजिप्शियन निळा बनतो. माणसाने भट्टीत घडवलेलं हे सर्वांत जुनं ज्ञात रंगद्रव्य, सुमारे पाच हजार वर्षांचं. अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून लाजवर्द येत होता, पण तो दागिन्यांत बसवायला. रंग म्हणून त्याची पूड इजिप्तने सहसा वापरली नाही. इजिप्शियन निळ्याची खोड अशी की भरड दळला तर गडद, बारीक दळला तर फिका. आणखी एक गुण त्याच्या निर्मात्यांना कधीच कळला नाही: त्याच्यावर साधा उजेड टाकला की तो अवरक्त किरण बाहेर टाकतो. डोळ्याला ते दिसत नाहीत, विशेष कॅमेऱ्याला दिसतात. पूर्ण झिजलेल्या मूर्तीवरही कुठे निळा होता ते संशोधक आज असंच शोधतात.

आपल्या डबीतला अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, थॅलो ब्लू हिरव्याकडे आणि शिवाय दादागिरी करतो. दोन थेंब जास्त पडले की सगळं मिश्रण त्याचंच. अल्ट्रामरीनमध्ये अगदी थोडा थॅलो, थोडा पांढरा आणि भडकपणा मारायला टोकभर रॉ अंबर, असं केलं की भिंतीवरच्या निळ्याजवळ पोचता येतं. खालच्या सावलीत काळा न घालता गडद निळ्यात थोडा तपकिरी. या मापात रंग एक पायरी फिकाच ठेवायचा. दूरचा माणूस हवेतून पाहताना जसा थोडा विरळ दिसतो, तसा लहान माणूस थोडा विरळ रंगवला तरच खरा वाटतो. पूर्ण ताकदीचा रंग त्याला खेळणं करतो.

वस्त्राची गंमत वेगळीच. लिननला, म्हणजे अळशीच्या धाग्याच्या कापडाला, रंग नीट बसत नाही. म्हणून इजिप्तचा थोरामोठ्यांचा पोशाख बहुतेक पांढरा. पण उत्तम राजवस्त्र इतकं तलम की आतलं अंग दिसायचं. नेफरतारी ही रामसेसची पट्टराणी. 1904 साली स्कियापरेलीला सापडलेल्या तिच्या थडग्यात चित्रकाराने वस्त्राखालचे हात कसे दाखवलेत पाहा: जिथे कापड हाताला टेकलं तिथे गुलाबी, जिथे सुटलं तिथे पांढरं. पुतळ्यावर हीच युक्ती लागू पडते. आधी दंड आणि मांडी कातडीच्या रंगात पूर्ण करायची. मग पांढऱ्यात थोडा ऑकर आणि किंचित राखाडी मिसळून, दुधाच्या पाण्याइतका पातळ करून, ब्रश कागदावर टिपून एकेक हात द्यायचा. खांद्याच्या गोलाईवर दोन हात, घडीच्या कडांवर पाच-सहा. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. तिसऱ्या-चौथ्या थराला दंड कापडाच्या आत गेल्यासारखा दिसू लागतो. शुद्ध पांढरा फक्त चुण्यांच्या अगदी माथ्यावर, तोही शेवटी. खऱ्या वस्त्रात पाच मिलिमीटरची चुणी असेल तर इथे ती 0.2 मिलिमीटरची, ब्रशचं टोक न वापरता त्याची कूस चुण्यांवरून आडवी फिरवली तर माथ्यांना रंग आपोआप लागतो आणि खाचा सुटतात.

डोळ्यांचं गणित मांडून पाहा. माणसाचा उघडा डोळा साधारण 30 मिलिमीटर रुंद, म्हणून इथे सव्वा मिलिमीटर. बुबुळ अर्ध्या मिलिमीटरचं. डोळ्याचा पांढरा भाग पांढराशुभ्र घेतला तर राजा दचकलेला दिसतो. राखाडी-गुलाबी पांढरा घ्यायचा. बुबुळ पापणीखाली थोडं झाकलेलं हवं. फॅरो रंगवण्यात एक सोय अशी की डोळ्यांभोवती काजळ असतं. सुरम्याच्या खड्याची ही काळी पूड इजिप्तमध्ये पुरुषही लावत, आणि तिची रेघ कानाकडे लांबवत. भुवयाही तशाच काळ्या. मुळात त्याचे केस तांबूस असले तरी भिंतींवरच्या रिवाजाप्रमाणे भुवई काळीच ठेवावी. पुराव्याच्या भांडणात इथे मी भिंतीचं ऐकतो. काजळाची रेघ जरा चुकली तर बाहेरून कातडीच्या रंगाने कापून सरळ करता येते.

सोन्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. धातूच्या चकाकीचा रंग घेतला तर खाली तपकिरीचा थर द्या, सावलीत बर्न्ट अंबरचा पातळ ऑइल हात आणि कडेवर एक ठिपका चांदीचा. हाराच्या पट्ट्यांत तीनच रंग फिरवा: गडद निळा, सिनाईच्या पिरोज्याचा हिरवट निळा आणि अकीकाचा तांबडा. पट्ट्यांमध्ये सोन्याची रेघ. खोपेशचं पातं ब्रॉन्झचं आहे, पोलादी राखाडी करू नका; लोखंड त्या काळी दुर्मीळ होतं आणि तुतनखामेनच्या प्रसिद्ध खंजिराचं लोखंड तर उल्केतून आलेलं होतं.

रथासकट संच घेण्याचा मोह होईल. भिंतीवर रामसेस लगाम कमरेला बांधून एकटाच बाण मारताना दिसतो, आणि काही संच तसेच ओतलेले असतात. खऱ्या इजिप्शियन रथात दोन माणसं उभी असत, एक लढणारा आणि एक हाकणारा. कादेशच्या शिलालेखातच रामसेसच्या ढालवाल्याचं, मेन्नाचं, नाव आहे, घोड्यांची नावंसुद्धा आहेत. एकट्याला रथात उभा करायचा तर तो प्रचाराचा रामसेस आहे, एवढं समजून करा.

बैठकीवर वाळू पसरा, हवं तर तुटलेली हित्ती ढाल टाका. उंट ठेवू नका. इजिप्तच्या प्रत्येक पर्यटक पोस्टरवर तो असतो, पण पाळीव उंट तिथे सर्रास दिसू लागला तो रामसेसनंतर कित्येक शतकांनी. कादेश तर वाळवंटही नव्हे. नदीकाठची हिरवी जमीन आहे, म्हणून वाळूपेक्षा तपकिरी माती आणि थोडं वाळकं गवत जास्त खरं.

पहिलाच फॅरो रंगवणार असाल तर रथ नको, सोन्याने मढवलेला तुतनखामेनही नको. पायी उभा, एक मुकुट, एक वस्त्र, असा साधा पुतळा घ्या. डबी उघडण्याआधी एका कागदावर प्रत्येक भागापुढे त्याचा रंग आणि तो कुठून घेतला ते लिहा: भिंत, मूर्ती, थडगं, की स्वतःचा अंदाज. अंदाज लिहायला लाजू नका, निळ्या मुकुटापुढे तर तोच लिहावा लागेल. काम संपल्यावर हा कागद घडी करून बैठकीच्या तळाशी चिकटवून ठेवा; उद्या असा मुकुट कुठे खोदकामात सापडलाच, तर काय बदलायचं ते लगेच कळेल.